चाळीस टक्के कमी

४ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीस टक्के. आकडा पुन्हा पुन्हा काढला, कॅल्क्युलेटर बदलून काढला, आता बोटांवर मोजायचं तेवढं राहिलं होतं. चाळीसच.

कॉलेज सुटल्यापासून मी दैनंदिनी लिहिलेली नाही. आजपासून लिहिणार. पुढचे काही आठवडे महत्त्वाचे आहेत आणि नंतर लोक विचारतील तेव्हा 'आठवत नाही' म्हणायची वेळ यायला नको. लोक विचारतीलच असा माझा विश्वास आहे. विश्वासाची मला कधी टंचाई पडलेली नाही.

संध्याकाळी सासूबाईंना गॅलरीत गाठून सगळं सांगितलं. टेबलावर सांगता येत नाही. 'जेवताना उंदीर नकोत' असा त्यांचा कायदा आहे, आणि तो रास्त आहे. मुलगा आणि सून एकाच संस्थेत उंदरांच्या मेंदूवर काम करतात म्हटल्यावर त्या बिचारीने काय काय ऐकायचं? पण गॅलरीत सवलत असते.

त्यांना सांगितलं ते असं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या बऱ्याचदा ग्लुटामेट नावाच्या रसायनातून. एका पेशीने ते सोडायचं. दुसरीच्या अंगावर त्याच्यासाठी रिसेप्टर असतात, म्हणजे बसायच्या जागाच म्हणा ना. ग्लुटामेट तिथे जाऊन बसलं की निरोप पोचला. निरोप पोचल्यावर मात्र ते तिथून उचलून न्यावं लागतं. ते काम ट्रान्सपोर्टरचं. आमच्या काही उंदरांत हा ट्रान्सपोर्टर जन्मापासूनच नाही. त्यांना आम्ही 'नसलेले' म्हणतो आणि त्यांच्या धडधाकट भावंडांना 'असलेले'. नसलेल्यांच्या मेंदूत ग्लुटामेट रेंगाळत राहतं. माझा प्रश्न एवढाच, की सारखं असं अंगावर येत राहिलं तर पेशी करते काय? आणि माझं उत्तर असं, की ती रिसेप्टरच कमी करते.

"म्हणजे कानात बोळे घालते," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच, आई."

"मग त्यात शोधलंस काय? या घरात मी तेच करते."

नवरा बाजूला उभा राहून हसत होता. मी दोघांकडेही दुर्लक्ष केलं. वीस मार्चला समिती येणार आहे. एकच कायमची जागा आहे आणि आठ वर्षं मी दर वर्षी मुदतवाढीच्या कागदाची वाट बघत आले आहे. या चाळीस टक्क्यांवर ती जागा माझी होऊ शकते. न होऊन सांगते कुणाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, अट घातली. आकडा उत्तम आहे, पण समितीसमोर जायच्या आधी बाहेरच्या कुणीतरी तोच प्रयोग करून बघायला हवा. बाहेरचा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला नसलेला. आणि हे काम येतं ते संस्थेत दोघांनाच. एक मी. दुसरा खालच्या मजल्यावर बसतो आणि माझ्याशेजारी झोपतो.

"लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"मी नवरा मागत नाहीये, हात मागतेय," बाई म्हणाल्या. "त्याच्या हाताबद्दल कुणी काही म्हणणार नाही."

ते खरं आहे. या संस्थेत मेंदूचे काप त्याच्याइतके सुबक कुणी घेत नाही. फक्त वेळ विचारू नये. मी त्याला गोगलगाय म्हणते ते उगाच नाही. मी काचपट्ट्यांची पूर्ण पेटी संपवते तेव्हा हा पहिल्या पट्टीवर नाव लिहीत असतो. तो मला 'वादळ' म्हणतो आणि मी ते कौतुक म्हणून घेते.

त्याला सांगितलं तर नेहमीसारखं "बरं" म्हणाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गोठवलेले मेंदू त्याच्याकडे पोचते केले. कोणता असलेल्याचा आणि कोणता नसलेल्याचा हे त्याला कळू नये म्हणून बाईंनी स्वतः आकडे घातलेत. मलाही माहीत नाही. सगळं नियमाला धरून.

संध्याकाळी जिन्यात भेटला. म्हणाला, "तू काप किती वेळ धुतेस?"

"पाच मिनिटं."

"आपल्या जुन्या पद्धतीत अर्धा तास होता."

मला माहीत नाही का? अर्धा तास धुतलं तर नसलेल्यांचे काप काचेवरून सुटतात आणि पाण्यात तरंगायला लागतात. फार नाजूक असतात बिचारे. दोन वर्षांपूर्वी माझे निम्मे काप असे वाहून गेले, म्हणून मी धुणं कमी केलं. आणि मी काही कच्ची नाही. नसलेल्यांचं कमी केलं तसं असलेल्यांचंही केलं. दोघांना सारखी वागणूक, मग तुलना चोख. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

"दोन्हींना सारखंच धुते मी," म्हटलं.

"सारखं म्हणजे पुरेसं नव्हे ना," तो म्हणाला.

याला असं कोड्यात बोलायची खोडच आहे. मला बाईंकडे जायचं होतं, मी तीन पायऱ्या वर पोचले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य जमलं: 'ऐकायला फार झालं, की पेशी ऐकणं कमी करते.' सासूबाईंच्या बोळ्यांवरून सुचलं, पण समितीला ते सांगायची गरज नाही.

याच्या फिल्म अजून अंधाऱ्या पेटीतच आहेत. आमच्या पद्धतीत घाई चालत नाही हे मलाही मान्य आहे. धुतलेल्या कापांवर एक किरणोत्सारी रसायन सोडायचं. ते रिसेप्टरवर ग्लुटामेटच्याच जागेवर जाऊन बसतं. उरलेलं काढून टाकायचं आणि काप फिल्मला चिकटवून आठवडाभर अंधारात ठेवायचे. जिथे रिसेप्टर जास्त तिथे फिल्म काळी, कमी तिथे फिकट. माझ्या फिल्मवर नसलेले इतके फिकट आले, की मोजायच्या आधीच डोळ्यांना कळलं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंचं म्हणणं, लेकाचं जेवण कमी झालंय. मला तर तो पहिल्यासारखाच वाटतो. फार तर थोडा गप्प आहे, पण गप्प असणं हा त्याचा आजार नव्हे, स्वभाव आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी खालून फोन केला त्याने. "जरा येऊन बघ. फिल्म आलीय."

मी धावतच गेले. त्याने ती दिव्याच्या काचेवर पसरून ठेवली होती. वाकून बघितली. सगळे काप एकसारखे काळे. कोण असलेला, कोण नसलेला, काही पत्ता लागेना. मग लक्षात आलं.

"फार दिवस ठेवलीस तू. करपलीय सगळी."

"तेवढेच दिवस ठेवली. प्रमाणपट्टीशी ताडून मोजलीय. काळेपणा मर्यादेतच आहे."

"मग रसायन जास्त पडलं असेल."

"पुन्हा केलं होतं मी. ही दुसरी खेप आहे," तो म्हणाला. "पहिलीही अशीच आली. तू बस जरा."

बसायला कुठे वेळ होता? बाईंना भाषणाची चित्रं दाखवायची होती. म्हटलं, तिसरी खेप कर, या वेळी नीट कर. त्याने फिल्म उचलून पाकिटात घातली आणि "बरं" म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात आलं खरं. नवऱ्याबद्दल असं लिहू नये, पण ही वही माझी आहे.

२ मार्च, रविवार

गॅलरीत तो माझ्या वीस तारखेच्या सदऱ्याला इस्त्री करत होता. इस्त्रीही तशीच, कॉलरच्या आतून, बाहेरून, परत आतून. सासूबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी भाषण पाठ म्हणत होते आणि तो मधेच म्हणाला, "रिसेप्टर कमी झालेलेच नसतील तर?"

"तर माझी नोकरीही नसेल," मी म्हटलं. "बाहीला चुणी पडलीय बघ."

"मी मस्करी करत नाहीये."

"मी पण नाही. दोन वर्षं केलंय मी हे. तुझ्या दोन बिघडलेल्या फिल्मवर मी आता अठरा दिवस आधी रडत बसू का?"

त्याने इस्त्री परत फिरवली. चुणी काढली. सासूबाई म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी." मला वाटलं कुंडीबद्दल बोलताहेत, पण कुंडी तर सरळ होती. लेकाला म्हणाल्या असणार.

५ मार्च, बुधवार

बाईंनी बोलावून दार लावून घेतलं. दार लावलं की माझा जीव खालीवर होतो.

"तुझा नवरा येऊन गेला. म्हणाला, माझे आकडे धरू नका. माझा हात बिघडलाय, काप नीट येत नाहीत, फिल्म खराब झाल्या."

"असं म्हणाला?"

"म्हणाला. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं बघतेय त्याला." बाईंनी चष्मा पुसला. "आता बाहेरून कुणी तपासणं शक्य नाही. समितीला तसं सांगू, की पडताळणी पूर्ण होऊ शकली नाही. तुझं भाषण तुझ्याच आकड्यांवर होईल."

मी बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं हे प्रामाणिकपणे लिहायचं तर हायसं वाटलं. त्यानंतर त्याच्याबद्दल वाईट वाटलं. मग एक घाणेरडी शंका आली, की माझं मोठं होणं याला सोसत नाही की काय? म्हणून मुद्दाम रखडवलं? त्याची नोकरी कधीच कायम झाली आहे, त्याला कसली असूया असणार? पण चोराच्या मनात चांदणं असतं तसं माझ्या मनात आजकाल समितीच समिती. दुसरं काही सुचत नाही.

रात्री जेवताना त्याचे हात बघितले. भाकरीचा तुकडा मोडताना, पाणी ओतताना. एवढासाही थरकाप नाही. मला काही विचारता आलं नाही, आणि जेवताना उंदीर नकोत हे निमित्तही होतं.

७ मार्च, शुक्रवार

आज फार राग आलाय.

त्याच्या प्रमुखांनी फिल्मचं सगळं काम त्याच्याकडून काढून घेतलं. 'तात्पुरतं' म्हणे. कॅन्टीनमध्ये दोघं जण चहाचा कप हातात घेऊन मुद्दाम लटपटवून दाखवत होते आणि बाकीचे हसत होते. मला बघून थांबले. तो मात्र त्यांच्याच टेबलावर बसून शांतपणे चहा पीत होता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट चाललीय. मी काही बोलणार तर त्याने डोळ्यांनीच नको म्हटलं.

त्याचा हात म्हणजे त्याची सगळी मिळकत आहे. पदव्या माझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त आहेत, पण लांबलांबून लोक येतात ते त्याचे काप बघायला. तो हात असा एकाएकी बिघडत नाही. काहीतरी बारीक चूक होत असणार, एखादं रसायन जुनं, एखादी बाटली भलतीच. त्याला सापडत नसेल तर मी शोधून देते. चूक दाखवली की प्रमुखांचं तोंड बंद.

उरलेले काप आहेत माझ्याकडे. त्याची पद्धत त्याच्या भिंतीवर टाचलेलीच असते. उद्या करते. निम्मे काप हुबेहूब त्याच्यासारखे, निम्मे माझ्यासारखे, एकाच फिल्मवर शेजारी शेजारी. त्याला सांगणार नाही. मदत केली की तो ओशाळतो.

८ मार्च, शनिवार

केलं. अर्धा तास धुणं म्हणजे छळ आहे. नसलेल्यांचे काप सुटू नयेत म्हणून भांड्यावर ओणवी बसले होते, श्वास रोखून. हा माणूस रोज हे करतो. तरी तीन वाहून गेले, बाकीचे टिकले. फिल्म पेटीत ठेवली.

१४ मार्च, शुक्रवार

त्याच्या पद्धतीने दोन्ही सारखे काळे.

सावकाश लिहिते.

माझ्या पाच मिनिटांच्या ओळीत नसलेले फिकट आहेत, नेहमीसारखे. चाळीस टक्के. त्याच्या अर्ध्या तासाच्या ओळीत नसलेले आणि असलेले एकसारखे काळे. मेंदू तेच, बाटल्या त्याच, हात माझाच, फिल्मही एकच. फरक फक्त धुण्याचा.

मी फिल्म दिव्यावर ठेवून दोन्ही ओळी पुन्हा मोजल्या. मग साधी गोष्ट कळली, जी पहिल्या दिवशी कळायला हवी होती. नसलेल्यांच्या मेंदूत ग्लुटामेट जास्त असतं. मी स्वतःच सासूबाईंना सांगितलं होतं, ते रेंगाळत राहतं. मग कापातही ते जास्त उरणार. ते धुऊन निघायला असलेल्यांना पाच मिनिटं पुरतात, नसलेल्यांना पुरत नाहीत. माझं रसायन जागा शोधत गेलं आणि तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. म्हणून फिल्म फिकट. जागा कमी झालेल्याच नव्हत्या. सगळ्या होत्या तिथेच होत्या, भरलेल्या.

मी दोघांना सारखं धुतलं, आणि त्या सारखेपणातच चूक लपली. वेगवेगळं धुतलं असतं तर कुणीतरी हटकलं असतं. दोन वर्षं मी नसलेल्यांच्या कापांची काळजी घेत होते आणि ती काळजीच मला नडली.

आणि त्याचा हात बिघडलेला नाही.

१५ मार्च, शनिवार

कुणालाही सांगितलेलं नाही.

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. सकाळपासून एक विचार मनात घर करून आहे. कुणाला कळणार आहे? पडताळणी रद्द झाली आहे. त्याने स्वतःच हात वर केलेत. झाकली मूठ आहे. वीस तारखेला उभं राहायचं, चित्रं दाखवायची, जागा घ्यायची. मग पुढच्या वर्षी सावकाश 'नव्या तपासणीत असं आढळलं' म्हणायचं. असं करणारे लोक मला माहीत आहेत. मजेत आहेत.

आठ वर्षं. दर वर्षी तो कागद येईपर्यंत घराचं काही ठरवता येत नाही. मला ती जागा हवी आहे. अजूनही हवी आहे.

तो समोर बसून सासूबाईंच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होता. एवढासा स्क्रू, डोळ्यांना दिसेना, पण एका झटक्यात बसवला. त्या म्हणाल्या, "कोण म्हणतं रे तुझा हात बिघडलाय?" म्हणजे घरापर्यंत बातमी आली आहे. तो म्हणाला, "लोक म्हणतात." मी आत निघून गेले. याला सगळं माहीत आहे हे मला तेव्हा कळलं. पहिल्या फिल्मपासून माहीत असणार. मला आधी लाज वाटली आणि मग प्रचंड राग आला. माझ्यासाठी याने खोटं बोलावं? मी मागितलं होतं का?

१७ मार्च, सोमवार

बाईंच्या टेबलावर फिल्म ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी भिंग घेऊन प्रत्येक ओळ पाहिली.

"हे मला दिसायला हवं होतं," शेवटी म्हणाल्या. "तुझ्या पद्धतीच्या कागदावर माझी सही आहे."

"मी वीस तारखेला हेच सांगणार आहे."

"जागा जाईल."

"हो."

"नाव मागे घेतेस? अजून वेळ आहे. भाषणच करू नकोस, विषयच संपला."

हा रस्ता मला सुचलाच नव्हता. सोपा आणि स्वच्छ. कुणाशी खोटं बोलायचं नाही, कुणासमोर उभंही राहायचं नाही. पण मग त्याचा हात बिघडलेलाच राहिला असता.

"नाही," मी म्हटलं. "बोलायचंच आहे मला."

बाईंनी फिल्म परत दिली. "मग नवऱ्याला आधी सांगू नकोस. तो पुन्हा येऊन काहीतरी खोटं सांगेल, आणि त्याला खोटं धड येत नाही."

२० मार्च, गुरुवार

झालं एकदाचं.

समितीत तीन जण. संस्थेतली बरीच मंडळी मागे बसली होती, हाही होता, शेवटच्या रांगेत, दाराजवळ. माझ्या अंगात त्याने इस्त्री केलेला सदरा. पहिलं वाक्य मी काढून टाकलं होतं. म्हटलं, "ट्रान्सपोर्टर गेला की रिसेप्टर चाळीस टक्के कमी होतात, असं मी दोन वर्षं समजत होते. ते खरं नाही. निदान माझ्या कापांत तरी रिसेप्टर होते तेवढेच आहेत. मी कमी धुतले." मग फिल्म दाखवली. माझी ओळ, दुसरी ओळ, तिच्यातल्या सुटलेल्या तीन कापांच्या रिकाम्या जागा.

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. मला सगळं फार संथ वाटत होतं.

समितीतले वयस्कर गृहस्थ कागद चाळून म्हणाले, "पण इथे लिहिलंय की पडताळणी करणाऱ्यांचा हात बिघडला होता, त्यामुळे त्यांचे आकडे धरलेले नाहीत."

"हात चांगला होता," मी म्हटलं. "तो आजही या संस्थेतला सगळ्यात चांगला हात आहे. आकडे त्याचेच बरोबर होते. बिघडला असं तो खोटं बोलला, मला वाचवायला. तसं त्याने करायला नको होतं."

सगळ्यांनी वळून मागे बघितलं. कॅन्टीनमधले ते दोघंही. तो खाली मान घालून बसला होता. त्याचे कान इतके लाल झालेले मी आमच्या लग्नातही पाहिले नव्हते.

मग बरेच प्रश्न आले. आश्चर्य म्हणजे ते चांगले होते. रिसेप्टर तेवढेच असतील आणि सगळे सतत भरलेले असतील, तर नवा निरोप आला की तो बसतो कुठे? दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरचं काय? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा मला ते चालत होतं.

घरी येताना आम्ही बसने न जाता चालत आलो. कोपऱ्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "तीनच काप सुटले तुझे? पहिल्या खेपेला माझे सात सुटले होते."

२४ मार्च, सोमवार

जागा गेली. दुसऱ्या विभागातल्या एकाला मिळाली. कासवांवर काम करतो, हुशार आहे. मला आणखी एका वर्षाची मुदतवाढ. बाई म्हणाल्या, समितीने माझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहिलेत. चार शब्दांवर घर चालत नाही, पण वाचून बरं वाटलं. सलग दोन तास रडले, मोकळेपणी. सासूबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिल्या होत्या.

त्याचं काम त्याला परत मिळालं. खोटं बोलल्याबद्दल प्रमुखांनी ओरडा दिला तो वेगळा. दिलाच पाहिजे होता.

संध्याकाळी गॅलरीत मी एकदाचा विषय काढला. इतके दिवस राग साठवून ठेवला होता.

"तुला फेब्रुवारीतच कळलं होतं. मला का नाही सांगितलंस?"

तो बघतच राहिला. "सांगितलं की."

"कधी?"

"सांगितलं."

"साफ खोटं. एकदा सरळ बोलला असतास तर मी ऐकलं नसतं का? त्यापेक्षा बाईंना जाऊन हात बिघडला म्हणून सांगणं सोपं वाटलं तुला?"

"हो," तो म्हणाला. "सोपं होतं."

सासूबाई कुंडीतलं वाळलेलं पान काढत होत्या. म्हणाल्या, "अगं, इथेच उभा राहून सांगत होता की. मी ऐकलं."

असेल. मला खरंच आठवत नाही. आठवत नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून तर लिहायला बसले होते. मागची पानं उघडून बघायला हवीत, पण आज नको. आज धीर नाही.

पलीकडच्या खोलीतून तो काहीतरी म्हणतोय. काय ते लिहिण्याच्या नादात नीट कळलं नाही. पुन्हा म्हणाला. एरवी मी 'हो हो' म्हटलं असतं.

वही ठेवते. जाऊन विचारते काय म्हणतोय ते.